‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ : रुळलेले शब्द बदलावेत का?

प्रश्न : मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत डेटाबेसची देखभाल करतो. ‘मास्टर’ (मालक) आणि ‘स्लेव्ह’ (गुलाम) हे शब्द आमच्या सर्व स्क्रिप्टमधून, म्हणजे कामे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून, काढून टाकण्याचे कंपनीने ठरवले आहे. हे शब्द आम्ही मुख्य सर्व्हर आणि त्याची नक्कल ठेवणारा दुय्यम सर्व्हर या यंत्रांसाठी वापरतो, कोणाला हिणवण्यासाठी नव्हे. केवळ उगम आक्षेपार्ह आहे म्हणून रुळलेली परिभाषा बदलणे योग्य आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, तरीही माझे मत हे शब्द बदलण्याच्याच बाजूचे आहे. तांत्रिक लिखाणात ही जोडी आढळते त्या जुन्या नोंदींपैकी एक १९०४ सालची असून ती केपटाउनच्या वेधशाळेतील घड्याळांविषयी आहे. एक घड्याळ वेळ ठरवी आणि दुसरे त्याच्यामागे चाले. त्या केप वसाहतीत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम सत्तर वर्षे झाली होती, त्यामुळे ‘स्लेव्ह’ म्हणजे काय हे तिथे कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ही मागणी २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतरच उठली, असा समज आपल्याकडे आहे. वास्तविक लॉस एंजेलिस काउंटीने २००३ मध्येच आपल्या पुरवठादारांना उपकरणांवर हे शब्द टाळण्याची विनंती केली होती, संकेतस्थळे बांधण्याची चौकट असलेल्या जँगोने ते २०१४ मध्ये बदलले आणि पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा व रेडिस हा डेटाबेस यांनी २०१८ मध्ये.

आपल्या रोजच्या कामातले उदाहरण पाहावे. दुय्यम सर्व्हर कोणाचे हुकूम झेलत नाही. तो मुख्य सर्व्हरची नोंदवही वाचून आपल्याकडे नक्कल उतरवतो, आणि मुख्य सर्व्हर बंद पडला तर त्याची जागा घेऊ शकतो. गुलामाला ही मुभा कधीच नव्हती. म्हणजे जुनी उपमा क्रूर तर आहेच, शिवाय ती यंत्रणेचे चुकीचे वर्णन करते. नव्या माणसाला ‘रेप्लिका’ (नक्कल) म्हटल्याबरोबर काय ते कळते.

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या साधनात कामाच्या मुख्य धारेला ‘मास्टर’ शाखा म्हणत आले; तिचे प्रकरण मात्र मला तितके सरळ वाटत नाही. गिटमध्ये त्या शाखेच्या जोडीला ‘स्लेव्ह’ असे काही नाही, आणि ते नाव ध्वनिमुद्रणातील मूळ प्रतीवरून घेतल्याचेही सांगितले गेले आहे. गिटवरील प्रकल्प ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने ऑक्टोबर २०२० पासून नव्या भांडारांसाठी (प्रकल्पांच्या कोडसंग्रहांसाठी) ‘मेन’ हे नाव घेतले. नव्या कामात तेच वापरावे, पण जुन्या प्रत्येक भांडाराचे नाव बदलण्याची घाई करण्याइतका इथला आक्षेप सबळ नाही.

आपल्याला खरी काळजी स्क्रिप्टची असावी, आणि ती रास्त आहे. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीने ८.०.२२ आवृत्तीत नक्कल सुरू करणारी ‘स्टार्ट रेप्लिका’ ही आज्ञा आणली, काही काळ जुनी ‘स्टार्ट स्लेव्ह’ही चालू ठेवली आणि ८.४ मध्ये ती काढून टाकली. त्यामुळे आपण मायएसक्यूएल वापरत असाल, तर कंपनी काहीही ठरवो, ८.४ वर जाताना हा बदल आपल्याला करावाच लागेल. केवळ आज्ञा बदलून भागत नाही. नकलेची स्थिती दाखवणाऱ्या ‘शो रेप्लिका स्टेटस’ या आज्ञेच्या उत्तरातील रकान्यांची नावेही बदलली आहेत. नक्कल किती सेकंद मागे आहे हे दाखवणारा ‘सेकंड्स बिहाइंड मास्टर’ हा रकाना आता ‘सेकंड्स बिहाइंड सोर्स’ झाला आहे. देखरेखीची स्क्रिप्ट जुन्याच नावाने तो शोधत राहिली, तर सर्व्हर मागे पडल्याचा इशारा आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही. म्हणून बदलाची सुरुवात या देखरेखीच्या स्क्रिप्टपासून करावी आणि दस्तऐवज सावकाश हाती घ्यावेत.