टायर खातंय कोण? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार काका, मी दीड वर्षापासून रोज म्हापशाहून वेर्ण्याला कामाला जाते, जाऊन येऊन सत्तरेक किलोमीटर होतात. गाडी डिझायर, टायर 185/65 आर15. कंपनीचेच टायर होते ते 34 हजारांत संपले, म्हणजे बाहेरून बघितलं तर नक्षी चांगली दिसत होती पण परवा पंक्चर काढायला चाक खोललं तर तो पोरगा म्हणाला, मॅडम आतल्या बाजूनं तारा दिसायला लागल्यात! आता घरात दोन पार्ट्या झाल्यात. नवरा म्हणतो स्वस्तातले टाक, दोन वर्षांनी परत बदलू. भाऊ म्हणतो लाख किलोमीटरवाले घे, एकदाच काय ते. कुणाचं ऐकू? आणि साइझ थोडी वाढवली तर जास्त टिकतात का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, दोघांचंही जरा बाजूला ठेवा आणि आधी त्या पंक्चरवाल्या पोराचं ऐका, कारण सगळ्यात कामाचं तोच बोललाय. बाहेरून नक्षी आणि आतून तारा म्हणजे टायर वाईट नव्हता, गाडी त्याला एका बाजूनं खात होती. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा सरळपणा, बिघडलेली असणार, नाहीतर खालच्या सांध्यातला एखादा बुश किंवा बॉलजॉइंट ढिला झाला असेल. हे न बघता तुम्ही जगातला सगळ्यात महाग टायर टाकलात तरी तोही 35 हजारांत जाणार, फक्त तेव्हा जास्त वाईट वाटेल.

जुने टायर अजून दुकानात पडले असतील तर एक करून बघा. नक्षीवरून तळहात आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका बाजूनं गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर नारळाच्या किसणीसारखं हाताला लागलं तर टो बिघडलाय, म्हणजे चाकं सरळ न धावता किंचित तिरकी घासत चाललीत. तारा दिसतायत तिथं मात्र हात नेऊ नका, बोट फाटतं. दोन्ही कडा झिजून मधला पट्टा शाबूत असेल तर हवा कमी ठेवून चालवलीत, आणि मधलाच पट्टा गेला असेल तर हवा जास्त. तुमच्यासारखं फक्त आतूनच गेलं असेल तर टो नाहीतर कॅम्बर, म्हणजे चाक उभं न राहता आत-बाहेर कललेलं. अलाइनमेंटवाल्याकडे नुसतं 'करून दे' म्हणू नका, आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला प्रिंटआउट मागा. आणि सस्पेन्शन हलवून बघायला सांगा, कारण ढिल्या बुशवर केलेली अलाइनमेंट पहिल्या मोठ्या खड्ड्यात जाते, आणि आपल्याकडे पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम काढल्यापासून तिथं काय हाल होते ते तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही रोजच जाता.

आता टायर. लाख किलोमीटरची जाहिरात साफ खोटी असं मी म्हणणार नाही, पण तो आकडा चांगला रस्ता, बरोबर हवा, वेळेवर रोटेशन (चाकांची पुढे-मागे अदलाबदल) आणि शांत पाय या सगळ्यावर उभा असतो. शिवाय जास्त टिकणारा टायर म्हणजे बहुतेक वेळा कडक रबर, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला कमी धरतं (भारी कंपाउंडमध्ये, म्हणजे रबराच्या मिश्रणात, सिलिका घालून दोन्ही बरंचसं साधतात, पण त्याचे पैसे मोजावे लागतात). सोलापूरला राहणाऱ्याला मी म्हटलं असतं घ्या कडक टायर, पण तुम्ही गोव्यात आहात, जून ते सप्टेंबर बांबोळीच्या उतारावर आणि नव्या झुआरी पुलावर सकाळच्या पावसात तुम्हाला ब्रेक मारायचाय. मी स्वतः एका जुलैमध्ये अर्ध्या झिजलेल्या टायरवर मेरशीपाशी साचलेल्या पाण्यात गेलो, वेग काही फार नव्हता, सत्तर असेल, पण स्टिअरिंग एकदम लोण्यासारखं हलकं झालं आणि दोन सेकंद गाडी माझी नव्हतीच! म्हणून माझं मत, टिकाऊ घ्या पण सगळ्यात टिकाऊच्या मागे लागू नका.

नावं हवीत तर अपोलोचा अमेझर फोरजी लाइफ आणि सिएटचा मायलेझ हे खास टिकण्यासाठीच विकले जातात, खिशालाही बरे. थोडे जास्त पैसे टाकायची तयारी असेल तर मिशेलिन, ब्रिजस्टोन, योकोहामा यांच्या टूरिंग, म्हणजे लांबच्या आरामशीर प्रवासाच्या, रेंजमधले बघा, हायवेला आवाज कमी आणि ओल्यात पकड जास्त मिळते, मी तुमच्या जागी असतो तर इथंच थांबलो असतो. एमआरएफ तर आपल्या उसगावातच कारखाना असलेली कंपनी, आमच्या फोंड्याकडे तर कौतुकानंच घेतात. काही टायरवर ट्रेडवेअर (नक्षी किती टिकते त्याचं माप) म्हणून 300, 400 असा आकडा असतो. ती अमेरिकेची पद्धत, आणि तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, तेव्हा एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला ठीक, ह्या कंपनीचा 400 आणि त्या कंपनीचा 300 म्हणून भांडू नका. त्याच्याच बाजूला ट्रॅक्शनचं अक्षर असतं, ते ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं. तुमच्यासाठी मी त्याच्याकडे आधी बघेन.

साइझ वाढवू नका. 195/65 टाकला तर चाकाचा व्यास साधारण दोन टक्के वाढतो, मीटर खरा वेग दाखवत नाही, पिकअप जरा मरतो, पेट्रोलही थोडं जास्त, आणि टिकण्यात फरक तुमच्या लक्षातही येणार नाही. जी साइझ आहे तीच, आणि लोड इंडेक्स (किती वजन पेलतो) आणि स्पीड रेटिंग (किती वेग झेपतो), म्हणजे साइझच्या पुढे 88एच वगैरे लिहिलेलं असतं ते, आहे त्याच्यापेक्षा खाली जाऊ देऊ नका.

पैशाचा हिशोब नवऱ्याला दाखवा. समजा टायर सहा हजारांचा, चार म्हणजे 24 हजार. 30 हजार किलोमीटरला संपले तर किलोमीटरमागे 80 पैसे, 50 हजार गेले तर 48 पैसे. दोन वर्षांनी परत बदलायचं म्हणणाऱ्याला हा आकडा पुरे होतो. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुना रेट सांगून कोणी सूट दिल्याचा आव आणत असेल तर बिल नीट वाचा.

विकत घेताना तारीख बघा, ही गोष्ट मी पैसे घालवून शिकलोय. एका दुकानात मला 'फ्रेश माल' म्हणून चार टायर बसवले, घरी येऊन आरामात बघतो तर दोन टायर दोन वर्षं जुने, आणि ते कळू नये म्हणून की काय, तारीख आतल्या बाजूला केलेली! साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या कडेच्या भिंतीवर, डीओटी (DOT) अशी अक्षरं असलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, 2325 म्हणजे 2025 चा 23 वा आठवडा. पूर्ण नंबर बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतो, म्हणून रिमवर चढवायच्या आधी, टायर जमिनीवर असतानाच फिरवून बघायचा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम.

बसवल्यावर तीन कामं. हवा दर दोन आठवड्यांनी, सकाळी टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर आहे तेवढी. वेर्ण्याला पोचल्यावर गरम टायरची हवा मोजून कमी करू नका, ती तापल्यानं वाढलेली असते. दर आठ-दहा हजारांना, म्हणजे तुमच्या रनिंगला साधारण पाच महिन्यांनी, पुढचे मागे मागचे पुढे, कारण या गाडीत इंजिनचं वजन, वळणं आणि ब्रेकचा मोठा भार सगळा पुढच्यांवर. आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, म्हणजे विसरायला होत नाही. कायद्यानं नक्षी 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते, खाचेत छोटे उंचवटे असतात त्यांच्या बरोबरीला रबर आलं की संपलं, पण आपल्या पावसाआधी, मे महिन्यात, मी नक्षी 3 मिलिमीटरच्या खाली गेलेले टायर गाडीला ठेवत नाही.

प्रश्न : काका, बजेट दोनच टायरचं आहे. नवे पुढे टाकू ना? सगळे तेच सांगतात.
— डिचोलीहून

उत्तर : मागे टाका. सगळे पुढे सांगतात कारण पुढचे लवकर झिजतात, पण पावसात मागचं चाक सुटलं तर गाडी गर्रकन फिरते आणि आपल्याला सावरता येत नाही, पुढचं सुटलं तर पाय सोडला की बहुधा परत धरते. बरे असलेले जुने पुढे, नवे मागे. पण पुढे टाकणार ते जुने उंचवट्यापर्यंत पोचलेले असतील तर मग दोनचं बजेट विसरा, थोडं थांबून चार घ्या.

प्रश्न : रिटायर झालोय, गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार चालते, टायर आठ वर्षांचे पण नक्षी नव्यासारखी. मुलगा बदला म्हणतो. वास्कोत घर, गाडी उन्हातच असते.

उत्तर : मुलगा बरोबर बोलतोय हो. रबर चालवून झिजतं तसं उन्हात बसूनही वाळतं. साइडवॉलवर आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसतायत का बघा, उजेडात अंगठ्यानं दाबून ताणलंत की लगेच कळतात. भेगा असतील तर आजच बदला. पाच वर्षांनंतर दरवर्षी दाखवून घ्यायचं असतं आणि दहाच्या पुढे तर कसाही दिसला तरी ठेवायचा नाही, तुमची आठ झालीत आणि तीही उन्हात, मी वाट बघणार नाही. स्टेपनीही तेवढीच जुनी असेल, डिकी उघडून तिचीही तारीख वाचा.