कृतिदेवमधले जुने लेखन संकेतस्थळावर टाकताना पीडीएफ करावी की युनिकोड?

कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेली दोनशे पाने स्वतःच्या संकेतस्थळावर टाकायची आहेत, तर सरळ पीडीएफ चढवावी की सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणावा, आणि संकेतस्थळ स्वस्तात कुठे ठेवावे, असे तुम्ही विचारले आहे. युनिकोडमध्येच आणा. याच मुद्द्यावर माझे आणि माझ्या थोरल्या चुलतभावाचे गेली वीस वर्षे पटलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

2003 साली मी संगणकजोडणी आणि दुरुस्ती या विषयावर मराठीत एक संकेतस्थळ सुरू केले. रॅम कशी बसवावी, पॉवर सप्लाय मल्टिमीटरने कसा तपासावा, अशा विषयांवरचे 43 लेख मी नोकरी सांभाळून रात्री जागून लिहिले. दादांचा डीटीपीचा व्यवसाय होता, त्यामुळे टायपिंग त्यांच्याच संगणकावर आणि त्यांच्याकडच्याच एका फॉन्टमध्ये झाले. युनिकोड तेव्हा नव्हते असे नाही. देवनागरीला त्यात 1991 पासून जागा आहे आणि विंडोज 2000 बरोबर मंगल फॉन्टही आला होता. परंतु विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसावी यासाठी रिजनल सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, मग विंडोजची सीडी मागितली जाई, आणि सायबर कॅफेत बसलेल्या मुलाकडे ती कुठून असणार? पानाला डायनॅमिक फॉन्ट, म्हणजे पानाबरोबर आपोआप उतरणारा फॉन्ट, जोडला की काम झाले, असे दादांचे मत होते. "दिसतंय ना बरोबर? मग झालं," हे त्यांचे वाक्य मी तेव्हापासून ऐकत आलो आहे.

दिसत होते ते फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. पुढे फायरफॉक्स वापरणारे वाचक येऊ लागले, तेव्हा त्यांना माझ्या लेखांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खच दिसे. त्याचे कारण तुमच्याच फॉन्टवरून सांगतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशी पाच रोमन अक्षरे असतो. फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षरांची चित्रे चढवतो, एवढेच. माझाही मजकूर तसाच असल्यामुळे गूगलवर 'मदरबोर्ड' शोधणाऱ्या एकाही माणसाला माझा लेख सापडणे शक्य नव्हते. कृतिदेवच्या पीडीएफचेही तेच होते. पाने सुबक दिसतात, पण मजकूर कॉपी केला की हीच रोमन अक्षरे हाती येतात, आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर त्यातला एक शब्दही मराठीत वाचू शकत नाही. जे लेखन शोधून सापडत नाही आणि ऐकून कळत नाही, ते प्रकाशित झाले असे मी मानत नाही.

2010 मध्ये माझी पाने ज्या फुकट सेवेवर होती ती बंद झाली. सीडीवर प्रत होती म्हणून लेख बचावले, आणि तेव्हा मी पायथन या संगणकभाषेत स्वतःच परिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्राम, लिहायला बसलो. एका चिन्हाच्या जागी दुसरे टाकायचे, इतके ते सोपे निघाले नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे याच्या अगदी उलट. पहिल्या फेरीत माझ्या लेखांत जिकडेतिकडे 'मदरबोडर्' आणि 'हाडर् डिस्क' झाले. ते निस्तरेपर्यंत 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' झालेले दिसले. हिंदी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या परिवर्तकांत 'ऱ्या'मधला र बहुधा सुटतो, आणि 'दऱ्या' व 'दर्या' यांतला फरक मराठी वाचणाऱ्यालाच खटकतो. तीन महिन्यांच्या संध्याकाळी यात गेल्या. दादांच्या मते तो वेळ वाया गेला. माझ्या मते तो 2003 मध्येच द्यायला हवा होता.

तुम्ही परिवर्तन करताना मूळ वर्ड फाइलवरूनच करा, नोटपॅडमध्ये उतरवलेल्या मजकुरावरून करू नका. वर्डमध्ये कोणता भाग कृतिदेव आणि कोणता इंग्रजी फॉन्टमध्ये आहे याची नोंद असते. नोटपॅडमध्ये ती पुसली जाते आणि परिवर्तक इंग्रजी शब्दांनाही मराठी समजतो. डॉसची 'डीआयआर' ही आज्ञा कृतिदेवच्या हिशेबाने सरळ 'कपत' होऊन बसते. परिवर्तनानंतर सगळी पाने एकदा डोळ्यांखालून घाला, त्याला पर्याय नाही.

संकेतस्थळ कुठेही ठेवा, फक्त डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, स्वतःच्या नावावर घ्या आणि पाने साध्या एचटीएमएलमध्ये करा, म्हणजे उद्या जागा बदलावी लागली तरी पत्ता बदलणार नाही.

दादांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. तुमच्या पानांत तक्ते, आकृत्या किंवा खास मांडणी असेल, तर युनिकोड मजकुराच्या जोडीला पीडीएफही जरूर ठेवा. आणि पाने दोनशे नसून दहा-वीसच असती, तर परिवर्तकाच्या नादी न लागता नव्याने टाइप करा असेच मी सांगितले असते.

मूळ फाइली मात्र त्यांच्या फॉन्टसकट जपून ठेवा. माझ्या परिवर्तकातली एक चूक मला सहा वर्षांनी सापडली, आणि ती सीडी टाकून दिली नव्हती म्हणूनच दुरुस्त करता आली.