‘कोन’ आणि ‘कोण’

प्रश्न : ‘जाने भी दो यारों’ बघत होते तेव्हा आई म्हणाली, ही संपादकबाई म्हणजे आमची ‘फुलराणी’, आणि दूरदर्शनवर बातम्याही हीच द्यायची. खरंच तिन्ही एकच? मग सिनेमात इतक्या कमी का? मला कॉलेजच्या स्पर्धेत त्यांचंच स्वगत करायचंय, म्हणून विचारते.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : आईचं बरोबर आहे. तिन्ही भक्ती बर्वेच.

‘ती फुलराणी’ आलं १९७५ साली. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पुलंनी बेतलेलं. फुलं विकणारी मंजुळा आणि तिला शुद्ध बोलायला शिकवणारा प्राध्यापक, म्हणजे सतीश दुभाषी. आता गंमत बघ. अख्खं नाटक उच्चारांवर, आणि नायिका कोण? तर बातम्या वाचणारी, जिचा एकेक वर्ण टाकसाळीतून आल्यासारखा! अशुद्ध बोलायला आधी शुद्ध पक्कं लागतं, हे मला मंजूकडे बघून कळलं.

तू कुठलं स्वगत करणार, ते न सांगताही कळलं : ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’. परीक्षक म्हणून मी ते इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडलं. एक मुलगी तर झकास करत होती. ‘कोन’, ‘पानी’, सगळं जागच्या जागी. मग मंजूचा राग चढला आणि बाईंच्या तोंडून खणखणीत ‘कोण’ बाहेर पडलं! घरचा ‘ण’ संतापात सुटला. तिथंच मंजू गेली, राहिली ती मुलगी. भक्तीताईंची मंजू चिडली तरी मंजूच राहायची. बाकीच्या मुलींचं काय सांगू, त्या पहिल्या ओळीलाच टिपेला जातात आणि चौथ्या ओळीला घसा बसतो.

सिनेमात कमी का? मला तो प्रश्न कधी पडला नाही. ज्या बाईकडे ‘आई रिटायर होते’मधली संसारातून निवृत्ती घेणारी आई आहे, ‘गांधी विरुद्ध गांधी’मधली कस्तुरबा आहे, तिचं सिनेमावाचून काय अडलं? १९९० सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही नाटकातल्या अभिनयासाठीच. तरी १९८३ची ती शोभा सेन पुन्हा एकदा बघ, आणि या वेळी आवाज ऐक. ‘खबरदार’ची ही संपादक भ्रष्ट बिल्डरचं बिंग फोडायला निघते आणि त्याच्याशीच पैशांची घासाघीस करते. बोलणं मात्र कसं, साखरेत घोळलेलं.

१२ फेब्रुवारी २००१ला मुंबई-पुणे रस्त्यावर अपघातात त्या गेल्या. वय जेमतेम बावन्न.

तुझ्या तालमीबद्दल : आठवडाभर रोज एक बातमी मोठ्यानं, एकही वर्ण न गिळता वाच. मग मंजूला हात घाल. आणि परीक्षकांत मी असले, तर कृपा करून पहिली ओळ हळू घे.