शाळेची खिचडी आणि मुलीचं वजन

"मॅडम, शाळेत रोज भात मिळतो, त्यानंच हिचं वजन वाढतंय. खिचडी बंद करू का?" जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांच्या आया हे मला सारखं विचारतात. म्हणून एक अनुभव लिहिते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

चौथीतली मुलगी. आईनं खिचडी बंद करून डब्यात एक पोळी आणि काकडी द्यायला सुरुवात केली होती. वजन तरीही वाढतच होतं. मी हिशेब मांडला. पाचवीपर्यंतच्या मुलांना शालेय पोषण आहारात 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून साधारण 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे कॅलरींपुरतं बोलायचं तर दिवसाच्या गरजेचा साधारण पाव हिस्सा. आईला ते पटलं नाही. नुसत्या आकड्यांनी काळजी जात नाही, आणि माझं लक्ष तसंही ताटापेक्षा ताटाभोवतीच्या माणसांकडे असतं.

मुलीला विचारलं, "मधल्या सुट्टीत कुठे बसतेस?"

"वर्गात. बाकी सगळे व्हरांड्यात, पंगतीत."

"आणि डबा?"

"तसाच राहतो. शाळा सुटली की आजोबा वेफर्सचं पाकीट घेऊन देतात. आईला सांगायचं नाही म्हणतात."

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी तिला भरल्या पंगतीतून उठवलं."

हे वाक्य तिचं तिला सापडलं, आणि तिथेच आमचं निम्मं काम झालं. काळजी आईची होती, पण मुलीपर्यंत ती शिक्षा होऊन पोचली होती. शिक्षा झालेलं मूल लपून खातं, आणि घरातलं कुणीतरी कीव येऊन त्याला साथ देतं.

पुढच्या वेळी आजोबांनाही बोलावलं. खिचडी पुन्हा सुरू झाली. ठरल्या वेळी, चारचौघांत बसून, मोबाइलशिवाय होणारं ते तिचं एकमेव जेवण होतं! पाकिटाऐवजी घरी आल्यावर फुटाणे किंवा केळं, मग तासभर खेळ.

आयांना माझं सांगणं असतं: काय शिजवायचं, कधी वाढायचं हे तुम्ही ठरवा, किती खायचं ते मुलाच्या पोटावर सोडा. 'जाडी' ही हाक घरात कुणीच मारायची नाही. वाढत्या वयात वजन उतरवायची घाई नको, उंचीला वेळ द्या. मात्र मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.