जर्मनीतील पहिल्या दिवाळीची तयारी कोल्हापुरातूनच करावी

येत्या ऑक्टोबरात आपण राजारामपुरीतून एमएस्सीसाठी जर्मनीला निघत आहात आणि पोहोचून महिना होतो न होतो तोच दिवाळी येणार आहे. तेव्हा ती तिथेच करावी की तिकीट काढून घरी यावे, आणि तिथेच करायची तर सामानात काय न्यावे, असे आपण विचारले आहे. मी मूळची मंगळवार पेठेतली. शिकायला जर्मनीत आले आणि नोकरीमुळे इथेच राहिले, त्यामुळे वसतिगृहातल्या दिवाळीचा अनुभव माझ्या गाठीशी आहे.

पहिल्या वर्षी घरी येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होत असले, तरी बहुतेक विद्यापीठांत वर्ग महिन्याच्या मध्यावर भरू लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पत्त्याची नोंदणी, बँक, आरोग्यविमा आणि पुढे राहण्याचा परवाना ही सगळी कामे अंगावर येतात. दिवाळीची सुट्टी तिथे नसते. व्याख्यान एखादे चुकले तर चालून जाते, पण प्रयोगशाळेच्या तासांना हजेरी सक्तीची असते. तो तास बदलून हवा असेल तर दोन आठवडे आधी साध्या चार ओळींचा ईमेल करावा. ऐनवेळी कारण सांगितलेले तिथे कोणालाही रुचत नाही.

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. रविवारी तिथली जवळजवळ सर्व दुकाने बंद असतात, म्हणून फुलांपासून तेलापर्यंत सगळी खरेदी शनिवारीच उरकावी लागते. शिवाय २५ ऑक्टोबरला तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि आपल्याशी असलेले अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जाते. कोल्हापुरात संध्याकाळी सातला पूजेला बसतात तेव्हा तिथे दुपारचे अडीच वाजलेले असतात. फोनवर घरची आरती ऐकायची तर ती भर दुपारी ऐकावी. स्वतःचा दिवा मात्र तिथला सूर्य मावळल्यावर लावावा, आणि त्या दिवसांत तो पाचच्या आतच मावळतो. अभ्यंगस्नानाचेही तसेच. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळण्याचा नियम असतो, पण नोव्हेंबरात सूर्योदयच सातनंतर होत असल्याने सहानंतर न्हाले तरी ते पहाटेचेच स्नान ठरते.

आता सामानाविषयी. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. त्यामुळे पेढे, खव्याची बर्फी आणि आईने कढवलेले तूप, मन कितीही मोडले तरी, घरीच ठेवावे. ताज्या पानाफळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. त्यातून सूट असलेल्या मोजक्या फळांत नारळ आहे, पण विड्याची पाने, आंब्याचा डहाळा आणि कढीपत्ता यांना ती सूट नाही. तुपाची काळजी करू नये, कारण तिथल्या कोणत्याही सुपरमार्केटमध्ये ‘बुटरश्माल्ट्स’ या नावाने कढवलेले लोणी मिळते. त्याला घरच्या तुपाचा वास नसला तरी बेसन त्यात उत्तम भाजले जाते. रवा तुर्की दुकानात मिळतो, बेसन आणि पोहे आशियाई दुकानात.

न मिळणारी वस्तू म्हणजे चकलीची भाजणी. ती घरी भाजून गिरणीतून दळून आणावी, परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावी आणि मगच पिशवीत भरावी, नाहीतर आत वाफ धरते आणि पिठाला वास येतो. पिशवीवर पिठाचे नाव लिहावे. उटण्याची पुडी आणि सोऱ्याही न्यावा. पणत्या मी गंगावेशीतल्या कुंभार गल्लीतून पाच घेऊन मोज्यांत गुंडाळून नेल्या होत्या, त्यांतल्या चार शाबूत पोहोचल्या. नवी पणती रात्रभर पाण्यात भिजवावी, म्हणजे ती तेल पीत नाही. खोलीत ज्योत पेटवण्यास कित्येक वसतिगृहांत मनाई असते, म्हणून नियम आधी वाचावेत. फटाके तर विसरावेतच. तिथे त्यांची विक्री वर्षाच्या अखेरच्या तीन-चार दिवसांत होते आणि ते उडवण्याची मुभा नववर्षापुरतीच असते.

तळण शक्यतो करू नये. पहिल्या वर्षी मी सामाईक स्वयंपाकघरात रात्री नऊला चकल्या तळायला घेतल्या, दार उघडे राहिले आणि मार्गिकेतला धूरसूचक वाजू लागला. चार मजल्यांवरची मुले कोट चढवून अंगणात थंडीत उभी राहिली, अग्निशमन दलाची गाडी आली आणि आठवड्याने व्यवस्थापनाचे खरमरीत पत्रही आले. (त्या चकल्या नंतर सगळ्यांनी मिळून संपवल्या, हा भाग वेगळा.) तेव्हापासून मी बेसनाचे लाडू करते, आणि चकल्या ओव्हनमध्ये तेल लावून भाजते. त्या तळलेल्यांसारख्या खुसखुशीत होत नाहीत, हे मान्यच करावे लागेल.

मराठी मंडळाचा कार्यक्रम बहुधा जवळच्या शनिवारी सभागृहात असतो. तिथे अवश्य जावे, ओळखी होतात. पण तेवढ्यावर दिवाळी सोडू नये. माझ्या मते त्या दिवसाची एकच गोष्ट, मग ती पहाटेची आंघोळ असो वा संध्याकाळचा दिवा, वेळेवर करावी. बाकीचे राहिले तरी चालते. पाडव्याला आपल्याकडे नटवलेल्या म्हशी मिरवतात, त्याचा व्हिडिओ भाऊ पाठवतो आणि तेवढा मी कचेरीत डबा खाताना पाहते.

फुलांत शेवंती सर्वत्र मिळते, कारण १ नोव्हेंबरच्या सुमारास कबरींवर ती ठेवण्याची तिकडे रीत आहे. मी तीच कुंडी लक्ष्मीपुढे ठेवते. आईला कारण सांगितलेले नाही.

आकाशकंदील मात्र नेऊ नये, बॅगेत त्याचा चुराडा होतो. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या सणासाठी लहान मुले कागदी कंदील घेऊन रस्त्याने गात जातात, म्हणून त्याआधी दुकानांत ते स्वस्तात मिळू लागतात. यंदा भाऊबीजही त्याच तारखेला आहे. एक कंदील शनिवारच्या खरेदीतच घ्यावा, आणि आत मेणबत्तीऐवजी विजेचा छोटा दिवा घालून तो खिडकीत टांगावा.