इन्क्लूड केलेल्या फाइलला व्हेरिएबल कसे मिळते?

प्रश्न : संकेतस्थळाच्या सर्व पानांचा वरचा भाग मी हेडर नावाच्या स्वतंत्र पीएचपी फाइलमध्ये ठेवला आहे. प्रत्येक पानाचे शीर्षक निराळे असल्याने इन्क्लूडच्या (दुसरी फाइल पानात जोडणाऱ्या आदेशाच्या) ओळीत फाइलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह देऊन मी शीर्षक जोडून पाहिले, तेव्हा फाइल उघडता येत नसल्याची वॉर्निंग आली. शीर्षक साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवल्यावर ते दिसू लागले. मात्र इन्क्लूडची ओळ एका फंक्शनमध्ये हलवताच पुन्हा नाहीसे झाले. असे का होते?
— एक वाचक

उत्तर : हेडर हे दुसरे पान आहे आणि त्याला काहीतरी पाठवावे लागते, या समजुतीतून आपल्या दोन्ही अडचणी आल्या आहेत. ब्राउझर पान मागतो, तेव्हा पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढचा मजकूर पीएचपी वेगळा काढून आपल्याला उपलब्ध करून देते. इन्क्लूड करताना मात्र कोणी काही मागत नसते. पीएचपी डिस्कवरची फाइल थेट उघडते आणि प्रश्नचिन्हासकट सगळा मजकूर हेच फाइलचे नाव समजते. त्या नावाची फाइल अर्थातच नसते. इन्क्लूडऐवजी रिक्वायर (फाइल जोडणारा दुसरा, अधिक कडक आदेश) असते, तर पान तिथेच थांबले असते. फाइलच्या नावाऐवजी पूर्ण वेबपत्ता द्यावा, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. त्यासाठी जी सेटिंग सुरू करावी लागते, ती सुरक्षिततेसाठी मुळात बंदच असते, आणि पीएचपी ७.४ पासून ती वापरू नये असे अधिकृतपणेच सांगितले आहे.

इन्क्लूडची ओळ ज्या ठिकाणी असते, त्या ठिकाणी त्या क्षणी जी व्हेरिएबल्स उपलब्ध असतात, ती सर्व जोडलेल्या फाइललाही जशीच्या तशी मिळतात. म्हणून $शीर्षक ची किंमत इन्क्लूडच्या आधी ठरलेली असली पाहिजे. नंतर ठरवून उपयोग नाही, कारण तोवर हेडर छापून झालेले असते. फंक्शनच्या आत मात्र बाहेरची व्हेरिएबल्स आपोआप येत नाहीत, त्यामुळे तिथून जोडलेल्या फाइललाही ती दिसत नाहीत. उपाय सोपा आहे : शीर्षक त्या फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून (फंक्शन बोलावताना कंसात) द्यावे. फंक्शनमध्ये ग्लोबल लिहून बाहेरचे व्हेरिएबल आत घेतले, तरी काम भागते, पण ते हेडर कोणत्या नावावर अवलंबून आहे, हे पुढे शोधत बसावे लागते.

फंक्शनची ही भिंत खरे तर आपल्या फायद्याचीच आहे. समजा, मुख्य पान $क्र या व्हेरिएबलवर लूप चालवून बातम्या छापत आहे आणि प्रत्येक बातमीखाली एक छोटी फाइल इन्क्लूड करत आहे. त्या फाइलमध्येही $क्र याच नावाचे, पाचपर्यंत मोजणारे लूप असेल, तर ते संपताना बाहेरच्या $क्र ची किंमत बदललेली असते; मग काही बातम्या गळतात, किंवा लूप कधी संपतच नाही. कुठेही एरर दिसत नसल्याने असा दोष शोधताना जीव मेटाकुटीला येतो. इन्क्लूड फंक्शनमध्ये असेल, तर ही सरमिसळ होत नाही.

एखाद्या पानाने शीर्षक दिलेच नाही, तर पीएचपी ८ मध्ये वॉर्निंग येते (पूर्वी नुसती नोटीस येत असे). त्यासाठी हेडरमध्ये दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर वापरून पर्यायी शीर्षक द्यावे. तो पीएचपी ७ पासून उपलब्ध आहे. शीर्षक डेटाबेसमधून किंवा वापरकर्त्याकडून येत असेल, तर छापताना एचटीएमएलची खास चिन्हे निरुपद्रवी करणारे एचटीएमएल-स्पेशल-चार्स हे फंक्शन लावणे टाळू नये.

उलट दिशेनेही माहिती आणता येते. जोडलेल्या फाइलने रिटर्न करून अ‍ॅरे (अनेक किमतींचा संच) दिला, तर इन्क्लूडची किंमत म्हणून तोच आपल्या हाती येतो. संकेतस्थळाच्या सेटिंग्जसाठी मला ही पद्धत सर्वांत स्वच्छ वाटते. फक्त अशा फाइलसाठी इन्क्लूड-वन्स (फाइल एकदाच जोडणारा आदेश) वापरू नये, कारण फाइल एकदा जोडली गेली असेल, तर दुसऱ्या वेळी अ‍ॅरेऐवजी नुसते ट्रू मिळते.