धपाट्यासोबत दही हवंच असेल तर

दूधदुभतंही सोडून वीगन का झालात ते निवांत सांगा, आधी बिनदुधाच्या दह्याची सोय लावा. धपाटे समोर आले की भलेभले तिथंच ढेपाळतात.

१ वाटी शेंगदाणे ८ तास भिजवा, सालं चोळून काढा, २ वाट्या पाण्यात बारीक वाटून गाळा. मंद आचेवर सतत ढवळत उकळा. बुडाला पटकन लागतं आणि करपट वास जात नाही. कोमट झाल्यावरच ४-५ हिरव्या मिरच्या देठांसकट टाका. गरम असताना टाकल्या तर देठांवरचे जिवाणू मरतात, दही लागतच नाही. लातूरच्या उन्हाळ्यात ६-८ तास पुरे, नाहीतर फार आंबतं.

येसर आमटी, ज्वारीची भाकरी आहेच. बी-१२ जीवनसत्त्व मात्र यातून मिळत नाही. डॉक्टरांना विचारून गोळी सुरू कराच.